घरच्या घरी गाडी जॅकवर घेताना: पुण्यातल्या पार्किंगमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, कोणीतरी गाडी उचलून काहीतरी करत असतंच. ब्रेक पॅड, टायर रोटेशन, ऑइल, नाहीतर पावसाळ्यानंतर खालचा गंज बघणं. खूप चांगली गोष्ट आहे, आपली गाडी आपण बघायलाच पाहिजे, पण त्यातले बरेच जण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात-डोकं घालतात आणि ते बघून खरंच पोटात गोळा येतो. त्यामुळे लोक परत परत जे विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहितोय. एकच गोष्ट सगळ्या उत्तरांमध्ये परत परत येईल, ती म्हणजे जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. धरायचं काम स्टँडचं, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी आधाराचं.

गाडीसोबत कंपनीनं दिलेला जॅक आहे, त्यावर गाडी घेऊन खाली शिरलं तर चालतं का?

नाही. पाच मिनिटांसाठी पण नाही, नुसतं डोकावून बघायचंय म्हणून पण नाही. तो कात्री जॅक फक्त रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलायला दिलेला असतो. त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा, सगळं वजन एका स्क्रूवर आणि थोड्या पिनांवर, आणि वरून येणारं वजन तो पेलतो पण आडवा धक्का बसला की कलंडतो. आणि गाडीखाली काम करताना नेमका आडवाच जोर लागतो ना, जाम झालेला नट सोडवायला तुम्ही पाना जोरात ओढता तेव्हा अख्खी गाडी हलत असते. बहुतेक जॅकवर चित्र काढलेला स्टिकर पण असतो, गाडीखाली माणूस आणि त्यावर फुली, तो नुसता कायद्यापुरता चिकटवलेला नाहीये.

चाक बदलताना सुद्धा, म्हणजे ज्यासाठी तो जॅक दिलाय त्या कामात सुद्धा, पाय गाडीखाली पसरून बसू नका. बाजूला उकिडवं बसा.

मग नक्की काय काय घ्यायचं? बजेट कमी आहे.

एक ट्रॉली जॅक म्हणजे चाकं असलेला हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड (काही मेकॅनिक याला घोडी म्हणतात), चाकांना लावायला पाचरीच्या आकाराचे लाकडी किंवा रबरी ठोकळे, जाड प्लायवूडचे तुकडे आणि जॅकच्या बशीवर (गाडीला टेकतो तो वरचा गोल भाग) ठेवायला मधे खाच असलेलं रबर पॅड. बजेट कमी असेल तर जॅक साधा घ्या पण स्टँड चांगले घ्या, उलटं करू नका. लोक जॅकवर पैसे घालवतात आणि स्टँड नंतर बघू म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही.

किती टनाचा घ्यायचा तर बघा, स्विफ्टसारख्या गाडीचं वजन साधारण ९०० किलोच्या आसपास, क्रेटा-नेक्सॉन सव्वा टनाच्या घरात, इनोव्हा क्रिस्टा पावणेदोन टनाच्या वर. आपण एका वेळी अख्खी गाडी उचलत नाही, एक कोपरा किंवा एक टोक उचलतो, त्यामुळे २ टनाचा जॅक हॅचबॅकला भरपूर झाला आणि एसयूव्हीला ३ टनाचा घ्या. इंजिन पुढे असतं म्हणून पुढची बाजू जड असते हे लक्षात ठेवा. सीएनजी गाडीत डिकीत सिलिंडर असतो, त्याचं वजन मागच्या बाजूला धरा. स्टँडवर लिहिलेला आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा ते दुकानदाराला नीट विचारा.

घेताना अजून एक गोष्ट लोक विसरतात, जॅक पूर्ण खाली असताना त्याची उंची किती. टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी अजून खाली बसलेली असते आणि मग जॅक आतच जात नाही. घरी टेपनं मोजून जा. स्पेअर पार्ट्स आणि जॅकसाठी नाना पेठ आहेच, हत्यारं-हार्डवेअरसाठी रविवार पेठेत बोहरी आळी. ऑनलाइन पण मिळतं पण स्टँड शक्यतो हातात घेऊन बघूनच घ्या. वेल्डिंग सलग आहे का, चारही पाय जमिनीला टेकतात का, डुगडुगतं का. मी स्वतः पिन आरपार जाणारे स्टँड पसंत करतो, दातेवाल्या स्टँडमध्ये दात अर्धवट अडकला तरी वरून नीट बसल्यासारखं वाटतं. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या मोठ्या दुकानानं लाखो दातेवाले स्टँड परत मागवले होते, कारण वजनाखाली दात सुटून स्टँड खाली बसू शकत होता. दातेवालेच घेतले असतील तर घरी काम सुरू करताना दरवेळी दात पूर्ण आत बसलाय का ते वाकून बघा, आणि वरून सेफ्टी पिन घालायची सोय असलेले असतील तर अजून उत्तम.

बॉटल जॅक चालेल का? काकांच्या बोलेरोचा पडलाय घरात.

बोलेरोला चालेल, हॅचबॅकला नको. बॉटल जॅक ताकदवान असतो पण मुळातच उंच असतो आणि वरचं डोकं लहान असतं. बोलेरोला खाली चासी आहे, मागे सरळ आडवा ऍक्सल आहे, तिथे त्याला पक्की जागा मिळते. हॅचबॅकसारख्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाडीच्या पातळ पत्र्याच्या कडेवर ते लहान डोकं लावलं की एक तर पत्रा वाकतो नाहीतर डोकं सरकतं. आणि उचलून झाल्यावर स्टँड लावायचेच, जॅक कितीही टनाचा असला तरी.

जॅक नक्की कुठे लावायचा? खाली वाकून बघितलं तर सगळं सारखंच दिसतं.

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. त्यात चाक बदलायच्या पानावर चार जागा चित्रात दाखवलेल्या असतात. बहुतेक मारुती, ह्युंदाई, टाटा, होंडा गाड्यांमध्ये दरवाज्याखालच्या कडेला पत्र्याची उभी शिवण असते, पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे त्या शिवणीत दोन दोन खाचा दिसतात. त्या दोन खाचांच्या मधला तुकडा आतून मजबूत केलेला असतो, जॅक तिथे. त्याच्या इकडे तिकडे चार बोटं सरकला तरी पत्रा दबतो.

ट्रॉली जॅकची लोखंडी बशी थेट शिवणीवर लावली तर शिवण दुमडते आणि रंग जातो, मग पुण्याच्या पावसात तिथून गंज धरतो, म्हणून ते खाचवालं रबर पॅड. शिवण खाचेत, वजन दोन्ही बाजूच्या पत्र्यावर.

इंजिनच्या ऑइल चेंबरखाली लावू नका, ॲल्युमिनियमचा असला तर तडकतो. गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची टाकी, फ्लोअरचा सपाट पत्रा, बाहेरचं प्लास्टिक स्कर्टिंग, यातलं काहीही नको. मागची ट्विस्ट बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) काही कंपन्या चालते म्हणतात काही नाही म्हणतात, मॅन्युअल सांगेल तेच. जुनी गाडी असेल, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत राहून पुण्याला आलेली, तर शिवणीला आधी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर तिथे जॅक लावायचाच नाही.

ईव्ही वाल्यांसाठी वेगळं सांगतो. नेक्सॉन ईव्ही असो की दुसरी कुठली, बॅटरी फ्लोअरखाली पसरलेली असते. जॅक दोन इंच आत गेला तर तो बॅटरीच्या केसिंगवर येतो आणि हे कितीला पडेल यापेक्षा त्यानं आग लागू शकते हे मोठं आहे. दाखवलेल्या जागा सोडून कुठेही नाही.

जॅक ज्या पॉइंटला लावला तोच स्टँडचा पण पॉइंट आहे. मग स्टँड लावू कुठे?

हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे आणि यावर अडकूनच बरेच लोक स्टँड न लावता काम उरकतात.

पहिला मार्ग असा की मॅन्युअलमध्ये पुढच्या बाजूला मधोमध उचलायची जागा दाखवली असेल, म्हणजे सबफ्रेमचा (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) किंवा क्रॉस मेंबरचा (आडवा लोखंडी दांडा) भक्कम भाग, तर ट्रॉली जॅक तिथे लावून पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची आणि दोन्ही बाजूच्या शिवणीच्या पॉइंटखाली स्टँड लावायचे. हे सगळ्यात सोपं. पण क्रॉस मेंबर कुठला आणि रेडिएटरला धरणारी पातळ पट्टी कुठली हे ओळखता आलं पाहिजे, समोरून बघितलं तर ती पट्टी पण भक्कमच दिसते आणि ती वजन घेत नाही.

दुसरा मार्ग, शिवणीच्या पॉइंटला जॅक लावून उचला आणि स्टँड त्याच्या जवळच आतल्या बाजूला, जिथे सबफ्रेम बॉडीला मोठ्या बोल्टनं बसवलेली असते तिथे लावा. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू उचलायच्या असतील तर एक बाजू एकदम खूप वर नेऊ नका, पहिला स्टँड तिरका होऊन एका पायावर येतो. स्टँड आधी खालच्या खाचेत, दुसरी बाजू त्याच उंचीला, मग परत पहिली.

आणि दुसरी पक्की जागा सापडतच नाहीये असं असेल तर ते काम गाडीखाली जायचं आहे का ते बघा. चाक काढून बाहेरूनच होणारं काम असेल, पॅड बदलणं वगैरे, तर शरीर बाहेर ठेवून, काढलेलं चाक शिवणीखाली आडवं सरकवून करता येतं. खाली झोपायचंच असेल तर गॅरेजला द्या, त्यांच्याकडे लिफ्ट असते.

हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, तरी चाकाला ठोकळे कशाला?

कारण चाक उचललं की बहुतेक वेळा यातलं एक तरी गेलेलं किंवा कमी झालेलं असतं, कधी दोन्ही. हे नीट समजून घ्या, मग कधी विसरणार नाही.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांवर असतो. मागचं एक चाक उचललं तर हँडब्रेकनं धरलेलं फक्त एकच चाक जमिनीवर उरलं. दोन्ही मागची उचलली तर हँडब्रेक असून नसल्यासारखा.

आता गिअर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. गाडी गिअरमध्ये असताना दोन्ही पुढची चाकं जमिनीवर असतील तर गाडी धरली जाते. पण एक पुढचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) त्याला उलटं फिरू देतो आणि त्यामुळे जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं होतं. म्हणजे तुम्ही पुढचं एकच चाक उचललंय, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे, आणि तरीही गिअर काहीच धरत नाहीये. ऑटोमॅटिकमध्ये पी ला टाकलं तरी अगदी हेच, तो अडसर पण डिफरन्शियलच्या अलीकडेच असतो. अशा वेळी गाडी फक्त मागच्या हँडब्रेकवर उभी असते, आणि तो केबल ताणलेला जुना हँडब्रेक किती धरतो ते सिंहगड रोडच्या एखाद्या चढावर सगळ्यांनी अनुभवलंय.

बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. यांची मागची दोन्ही चाकं उचलली तर गिअर पण गेला आणि हँडब्रेक पण गेला, पुढची चाकं पूर्ण मोकळी, धरायला फक्त ठोकळे.

म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी ठोकळा. पुढचं उचलताय तर मागच्या दोन्हींना, मागचं उचलताय तर पुढच्या दोन्हींना. रस्त्यावरचा गोल दगड लावू नका, चाक त्यावरून चढतं किंवा तो निसटतो. रेल्वे रुळावरचे ते टोकदार मोठे दगड त्यातल्या त्यात बरे, पण सुताराकडून सागाचे नाहीतर बाभळीचे चार तिरके ठोकळे कापून घेतले तर काम झालं आयुष्यभराचं.

आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत / उतार आहे / पझल पार्किंग आहे. तिथे चालेल का?

एकेक घेतो.

पेव्हर ब्लॉकखाली वाळूचा थर असतो, आणि पावसाळ्यात ती वाळू वाहून जाते. वरून सगळं सपाट दिसतं पण स्टँडच्या एका पायाखालचा ब्लॉक दबला की स्टँड तिरका. स्टँडखाली कमीत कमी १८ मिमी जाड प्लायवूडचा मोठा तुकडा घाला म्हणजे वजन दोन-चार ब्लॉकवर वाटलं जाईल. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, ट्रॉली जॅक वर जाताना त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो, त्यामुळे जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढे सरकावं लागतं. पेव्हरच्या फटीत त्याची छोटी चाकं अडकली तर जॅक सरकत नाही आणि मग तो गाडीला आडवं ओढतो नाहीतर बशी पॉइंटवरून घसरते. म्हणून जॅकखाली पण प्लाय, आणि तो प्लाय इतका लांब की जॅकला सरकायला जागा राहील. उचलताना मधेमधे थांबून बघा जॅक सरकतोय का.

मुरूम, माती, वाघोली-मांजरी साईडला नवीन बिल्डिंगच्या बाजूला अजून कच्चं असतं तसं, तिथे नाही. काळी माती असेल तर बघायलाच नको, ओली झाली की काहीच धरत नाही.

उतार. बावधन, सूस, कात्रज, कोंढवा, टेकडीच्या अंगानं वसलेल्या सोसायट्यांमध्ये सपाट दिसणारं पार्किंग सपाट नसतं. पोडियमच्या स्लॅबला पण पाणी जायला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. फरशीवर पाणी ओतून बघा, झरझर वाहायला लागलं तर जागा बदला. बेसमेंटच्या रॅम्पवर तर कधीच नाही. डोळ्यांना कळेल इतका उतार असेल तर जॅक आणायचाच नाही.

पझल किंवा स्टॅक पार्किंगच्या (मशीननं गाड्या वर-खाली सरकवतात ते) पॅलेटवर अजिबात नाही. ते पॅलेट पातळ पत्र्याचं असतं, मधे उंचवटे असतात, वजन चार चाकांवर पडेल असं धरूनच ते बनवलेलं असतं, एका बिंदूवर नाही. शिवाय तुम्ही खाली असताना वरच्या गाडीवाल्यानं बटण दाबलं तर? गाडी बाहेर काढा, व्हिजिटर पार्किंगच्या सिमेंट काँक्रीटवर घ्या, वॉचमनदादांना सांगा की एवढा वेळ इथे काम चालू आहे. सोसायटीची वेगळी परवानगी लागते का तर ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, पण ऑइल सांडणार नाही आणि कोणाची गाडी अडणार नाही एवढं पाळलं तर सहसा कोणी काही बोलत नाही.

स्टँड नाहीयेत. विटा रचल्या किंवा सिमेंटचे ब्लॉक ठेवले तर?

नको. वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक, बांधकामावरचा तो हलका पांढरा सिपोरेक्स ब्लॉक, यातलं काहीच नको. भिंतीत वजन सगळीकडे सारखं पसरतं म्हणून ते टिकतं. गाडीचं वजन एका छोट्या टोकावर येतं, आणि ही सगळी सामग्री वाकत नाही, आवाज करून इशारा देत नाही, सरळ फुटते. फुटायच्या क्षणापर्यंत ती अगदी पक्की वाटते.

लाकडाचे भक्कम ठोकळे, एकावर एक आडवे-उभे रचून, हे विटांपेक्षा कितीतरी बरं, पण दोन चांगले स्टँड घेतले तर ही कसरतच नको.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रम काय असतो?

जागा बघितली, गाडी सरळ लावली, हँडब्रेक, पहिला गिअर किंवा पी, इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात न ठेवता लांब घरात ठेवली, कारण पुश बटणवाल्या गाडीत किल्ली जवळ असली की आत बसलेलं पोरगं पण गाडी चालू करू शकतं. गाडीतून सगळे उतरले, डिकीतलं जड सामान काढलं. गाडीखाली मांजर झोपलंय का बघितलं, हे मनापासून सांगतोय, पार्किंगमध्ये असतातच. मग ठोकळे लावले.

आता चाक काढायचं असेल तर नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, काढायचे नाहीत. गाडी उचलल्यावर जाम नटावर जोर लावणं म्हणजे गाडी जॅकवरून ढकलणं. मग जॅक पॉइंटखाली सरळ लावा, पॅड आणि शिवण जुळली का बघा, दोन-तीन पंप मारून बशी टेकल्यावर थांबा, खाली वाकून परत बघा, मगच पुढे. हवं तेवढंच उचला, चाक जमिनीपासून सुटलं आणि स्टँड आत गेला की बस. स्टँड लावा, त्याची पिन किंवा दात बसला का बघा, मग जॅकचा व्हॉल्व्ह एकदम हळू उघडून गाडी स्टँडवर बसू द्या. वजन पूर्ण स्टँडवर. त्यानंतर जॅक परत वर आणून नुसता टेकवून ठेवा, वजन न घेता, तो दुसरा आधार. काढलेलं चाक किंवा स्टेपनी शिवणीखाली आडवी सरकवा, तो तिसरा.

आणि मग गाडी हलवून बघायची. कंबरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरून आडवी, पुढे-मागे, चांगला जोर लावून, खाली तुम्ही जेवढा जोर लावणार आहात त्यापेक्षा जास्त. भीती वाटते लोकांना, पडली तर? पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे की. स्टँड तसूभर जरी सरकला तरी सगळं उतरवून परत पहिल्यापासून.

उतरवताना उलट क्रम, फक्त गडबडीत हत्यारं, झाकण, चिंधी खाली राहिली का ते बघा आणि कोणाचा पाय जवळ नाही ना ते बघून हळू सोडा. चाक जमिनीला लागल्यावर नट फायनल घट्ट करायचे, समोरासमोरचे आळीपाळीनं. घट्टपणाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या हॅचबॅकला बहुतेक ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान, त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. पान्यावर उभं राहून उड्या मारू नका, नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो. ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा तपासा.

जॅकवर गाडी ठेवली की हळूहळू खाली येते. खराब झालाय का?

आतलं सील गेलं असेल, ऑइल कमी असेल किंवा हवा शिरली असेल. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचं वजन शेवटी एका रबरी सीलमागे अडवलेल्या तेलावर असतं, ते सील झिजलं की तेल परत मागे झिरपतं. कधी हळू, कधी एकदम, आणि कधी ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर स्टँड. ऑइल टॉप अप करताना जॅकचंच हायड्रॉलिक ऑइल टाका, ब्रेक ऑइल टाकलं तर सील फुगून खराब होतात. हवा काढायला जॅक रिकामा असताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून आठ-दहा पंप मारायचे. एवढं करूनही खाली येत असेल तर दुरुस्तीला द्या नाहीतर भंगारात, घरात ठेवू नका, कोणीतरी वापरतं.

फक्त ऑइल बदलायचंय, त्याला पण एवढं सगळं?

त्यासाठी रॅम्प जास्त बरा. पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवायची, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक. चाकं टेकलेलीच राहतात त्यामुळे डिफरन्शियलचा घोळ होत नाही. चढवताना एक माणूस बाहेरून सांगायला हवा, समोर उभा नाही, बाजूला. गुळगुळीत फरशीवर रॅम्प मागे ढकलला जातो, खाली रबरी मॅट घाला. काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, गटारात ओतलेलं शेवटी मुळा-मुठेतच जातं.

हायवेवर पंक्चर झालं तर?

वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगतो. एक्सप्रेसवेवर किंवा खंबाटकीच्या घाटात लेनला लागून चाक बदलत बसू नका, विशेषतः ट्रॅफिकच्या बाजूचं. रिम खराब झाली तरी चालेल पण हळूहळू मोकळ्या सपाट जागेपर्यंत न्या, हॅझर्ड लावा, त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा, घरच्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. आणि आजच डिकी उघडून बघा स्टेपनी आहे का, २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला, टायर प्रेशर सांगणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे काही नवीन गाड्यांत स्टेपनी पण नाही आणि जॅक पण नाही, आणि मालकाला ते रस्त्यातच कळतं.

एकट्यानं केलं तर चालेल का? मुलगा मदतीला असतो, बारा वर्षांचा.

गाडीखाली जायचं असेल तर एक मोठा माणूस तुम्ही दिसाल इतक्या जवळ पाहिजे. मोबाईल खिशात आहे म्हणून भागत नाही, छातीवर वजन आलं तर श्वासच घेता येत नाही, ओरडताही येत नाही आणि हात पण पोचत नाही. मुलाला जरूर शिकवा, हत्यारं देऊ दे, नट कुठल्या क्रमानं लावायचे ते बघू दे, पण बाहेर उभा राहून. जॅकचा व्हॉल्व्ह त्याच्या हातात देऊ नका.

आणि त्या मोठ्या माणसाला आधीच दाखवून ठेवा की जॅक कसा पंप करायचा, व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला बंद होतो. कधी गाडी खाली बसलीच तर त्यानं आधी ओरडून माणसं बोलवायची, जॅक लावून गाडी वर घ्यायची, बाजूला काहीतरी भक्कम सरकवायचं, आणि कोणीतरी दुसऱ्यानं १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. माणूस बाहेर निघाला, बोलतोय, काही नाही म्हणतोय, तरी हॉस्पिटलला न्यायचंच. आत मार बसलेला बाहेरून दिसत नाही.

पावसात शेडखाली करू शकतो का?

जमीन कोरडी असेल तर हो. ओल्या शूजनं, ओल्या फरशीवर, बशीवर चिखल असताना नाही.

जॅक वर्षभर तसाच पडून असतो, काही करावं लागतं का?

ट्रॉली जॅक पूर्ण खाली करून ठेवा, व्हॉल्व्ह बंद, म्हणजे दांडा झाकलेला राहतो आणि गंज धरत नाही. आडवा-तिडवा टाकला तर ऑइल गळतं, तसाच चाकांवर ठेवा. कात्री जॅकच्या स्क्रूला वर्षातून एकदा ग्रीस लावा, पावसाळ्याआधी लावलं तर बरं. स्टँड वापरायच्या आधी वेल्डिंगजवळ बारीक तडा दिसतो का ते उजेडात बघा, दिसला की तो स्टँड कापून टाका, तसाच टाकला तर भंगारवाल्याकडून परत कोणाच्या तरी गाडीखाली जातो. आणि हे सगळं करत असताना स्टेपनीची हवा पण बघून घ्या, ती कोणी बघतच नाही.